मूल, सावली आणि परतीचा पाऊस

चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना आधी मूल लागते, मग सावली. आमची थोरली नुकतीच वाचायला शिकली होती, तेव्हा रस्त्यावरची पाटी वाचून तिने विचारले, "अम्मी, मूल गावात फक्त मुलेच राहतात का?" आम्हाला हसू आवरेना. मागच्या सीटवरून दादी म्हणाल्या, "मुलाला सावली लागते बेटा, म्हणून पुढचे गाव सावली." तेव्हापासून आमच्या घरात हा रस्ता ‘मूल-सावलीचा रस्ता’ झाला. मुलांच्या फुप्पी गडचिरोलीला राहतात, त्यामुळे वर्षातून दोन-तीन वेळा तरी या रस्त्याने जाणे होते. बहुतेक वेळा ऑक्टोबरात.

आपल्या भागात ऑक्टोबरचा मोह मोठा असतो. चार महिने मुले पावसाने घरात कोंडलेली असतात. १ ऑक्टोबरला ताडोबाचा मुख्य भाग पर्यटकांसाठी पुन्हा उघडतो. गावोगावचे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, काठोकाठ भरलेले असतात. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या दिसू लागतात, थोड्या दिवसांनी उकडलेले शिंगाडेही येतात. जंगल अजून हिरवे असते. गवत उंच असल्यामुळे वाघ सहजी दिसत नाही, पण लहान मुलांना वाघापेक्षा माकडे आणि कोळ्यांची मोठी जाळी जास्त आवडतात, हा आमचा अनुभव आहे.

अडचण एकच, या महिन्यातल्या आभाळाचा भरवसा नसतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस विदर्भातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. जमीन ओली, हवेत दमटपणा आणि वरून कडक ऊन असले की दुपारनंतर ढग उभे वाढत जातात आणि विजांसह कोसळतात. दुसरे कारण बंगालच्या उपसागरातले. समुद्र आपल्यापासून लांब असला तरी आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळ धडकले की त्याचे उरलेसुरले ढग अनेकदा आपल्याकडेच वळतात. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकले, सप्टेंबर २०२१ अखेरीस गुलाब वादळ आले. दोन्ही वेळा पावसाने विदर्भापर्यंत मजल मारली. म्हणून सकाळचे निळे आभाळ हे दुपारचे वचन नव्हे.

हे सगळे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. शाळेत शिकवतही होतो. तरी शहाणपण यायला एक दिवस खर्ची पडला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चंद्रपूरजवळच्या जुनोना तलावावर गेलो होतो. पराठे, अंडी, आलूची भाजी, सगळे बांधून नेले होते. दुपारी तीनच्या सुमारास पलीकडच्या जंगलावर काळे ढग चढताना दिसत होते. गडगडाटही ऐकू येत होता. पण दस्तरखान नुकताच पसरला होता. "दोन घास खाऊन निघू," असे आम्हीच म्हणालो. पाऊस आला तो एकदम. सामान गोळा करण्याच्या नादात आम्ही मुलांना घेऊन एका मोठ्या झाडाखाली उभे राहिलो, म्हणजे जे करू नका असे वर्गात सांगतो, नेमके तेच केले. वीज कुठे पडली ते कळले नाही, पण उजेड आणि आवाज एकाच क्षणी आला. अल्लाहच्या कृपेने कुणाला काही झाले नाही. मात्र थोरली त्यानंतर वर्षभर ढग दिसले की कानांवर हात ठेवून पलंगाखाली बसायची. ती पाच वर्षांची होती. तिची भीती आमच्या दोन घासांची किंमत होती.

ती भीती घालवायला आम्ही तिला मोजायला शिकवले. वीज चमकली की आकडे मोजायचे, आवाज आला की थांबायचे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पंधरापर्यंत मोजले तर वीज पाच किलोमीटरवर. तिसापर्यंत पोचायच्या आत आवाज आला तर लगेच आडोशाला जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. आडोसा म्हणजे पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार. झाड, टिनाची मोकळी शेड किंवा शेतातली मचाण हा आडोसा नव्हे. हळूहळू थोरली कानांवरचे हात काढून बोटांवर मोजू लागली. आता धाकटाही तिच्याबरोबर मोजतो, जरी त्याचे आकडे अकरानंतर थेट वीसवर जातात.

गेल्या ऑक्टोबरात ठरले की या खेपेस फुप्पींकडे मुक्काम करून आलापल्लीला जायचे. आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या रस्त्यावर ‘वनवैभव’ आहे. सहा हेक्टरांचे हे जुने सागवानी जंगल तोडीपासून राखून ठेवलेले आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, असा दर्जा मिळालेले ते महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. धाकट्याला आम्ही सांगितले होते की तिथले एक झाड आपल्या सगळ्यांनी हात धरून मिठी मारली तर कदाचित मावेल. चार वर्षांचे पोर आठवडाभर ‘मोठ्ठं झाड’ हेच बोलत होते.

रविवारी सफरची दुआ पढून निघालो. उशीर झालाच होता. फुप्पींनी नाश्त्याशिवाय सोडले नाही. आभाळ स्वच्छ होते. चामोर्शीच्या पुढे एका ओळखीच्या घरी सामान पोचवायचे म्हणून आतला रस्ता धरला आणि एका नाल्यावरच्या रपट्याशी गाडी थांबली. रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होते. फार नाही, घोट्याच्या वर. डोक्यावर ऊन तापलेले आणि समोर पाणी, हे धाकट्याला गंमतीचे वाटले. पाऊस वरच्या जंगलात झाला होता, पाणी आता खाली आले होते.

आमच्यासमोर एक टेम्पो पार झाला. मग एक मोटारसायकल. मुलांच्या अब्बूंनी गाडी थांबवलेली होती. "टेम्पो गेला, आपणही जाऊ, हळू चालवा," हे शब्द आमच्या तोंडचे होते. खरे ते लिहिले पाहिजे. दिवस एकच होता, सामान वाट पाहत होते, मुलांना वचन दिलेले होते.

कडेला शेळ्या चारणारे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते काचेजवळ आले. "पानी वाढून रायला जी," ते म्हणाले. "लेकरं हायेत संगं, नोका जाऊ." आम्ही विचारले, वाढते आहे हे कसे कळले? त्यांनी उत्तर न देता पाण्याच्या अगदी काठावर एक दगड ठेवला आणि शेळ्यांकडे वळले. थोरली त्या दगडाकडे बघत राहिली. पाच मिनिटांत दगडाला पाणी लागले. पंधरा मिनिटांत दगड दिसेनासा झाला. "अम्मी, दगड गेला," ती म्हणाली. आमच्या बी.एड.च्या सगळ्या वर्षात पाठ इतका सोपा करून कुणी शिकवला नव्हता.

वेगाने वाहणारे पाणी गुडघ्याखाली असले तरी मोठ्या माणसाचे पाय उचलते. दीड-दोन फूट पाण्यात मोटार तरंगू लागते आणि मग चाकांचा काही उपयोग राहत नाही. रपट्याचा कठडा वाहून गेला असेल तर ते गढूळ पाण्यातून दिसतही नाही. आमच्या आधी टेम्पो गेला म्हणून आमचा मार्ग सुरक्षित ठरत नव्हता. तो पंधरा मिनिटांपूर्वीचा नाला होता. आम्ही गाडी वळवली.

धाकट्याने जो सूर लावला तो दोन किलोमीटर थांबला नाही. थांबला तो एका धानाच्या बांधीशी. तिथे एक कुटुंब घाईने कापलेल्या धानाच्या कडपा गोळा करत होते. पश्चिमेकडून ढग येत होते. आपल्याकडे ऑक्टोबरात हलके धान कापणीला येते. कापून वाळत घातलेल्या कडपा भिजल्या की दाणा काळा पडतो किंवा जागीच कोंब धरतो. ज्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी ओंब्या निवडून निवडून एचएमटी धान तयार केले, तो तालुका आपल्याच जिल्ह्यातला, आणि तोच तांदूळ आपल्या ताटात असतो. पण कडपा उचलताना आमच्या मुलांनी कधी पाहिल्या नव्हत्या. आम्ही सगळे उतरलो. दादी गाडीत धाकट्याला घेऊन बसल्या. थोरलीने छोटे छोटे भारे नेले. पुंजणे उभे राहिले, वर ताडपत्री पडली आणि दहा मिनिटांत सर आली. त्यांच्या पक्क्या ओसरीवर आम्हाला काळा चहा मिळाला. घरच्या बाईंनी धाकट्याच्या हातात मुरमुरे दिले. थोरली विजा मोजत होती. त्यांच्या घरची मुलगीही तिच्याबरोबर मोजू लागली.

त्या ओसरीवर बसून आम्हाला जाणवले की ज्या पावसाने आपला एक रविवार बुडतो, त्याच पावसाने यांचे वर्ष बुडू शकते. आणि तरीही आपणच जास्त कुरकुर करतो. संध्याकाळी फुप्पींकडे पोचल्यावर निरोप आला, त्या रपट्यावर दुपारी कमरेइतके पाणी होते.

वाचकहो, सहल रद्द करा असे आम्ही म्हणत नाही. मुलांना जंगल, नदी, शेत दाखवलेच पाहिजे. पण परत फिरण्याचा निर्णय घराबाहेर पडण्याआधीच घेऊन ठेवावा. आम्ही आता मुलांना गाडीत बसतानाच सांगतो, "इन्शाअल्लाह झाडापर्यंत जाऊ. पाणी आडवे आले तर परत येऊ आणि ती हार नाही." ही गोष्ट आधी ऐकलेले मूल रडते, पण कमी रडते.

आमचे दिवसाचे घड्याळ नमाजचे आहे आणि या महिन्याला ते बरोबर लागू पडते. फजरनंतर लगेच निघावे. जुहरपर्यंत हिंडून घ्यावे. असरच्या आत पक्क्या छताखाली यावे, कारण विजांचा पाऊस बहुधा त्याच सुमारास येतो. निघण्यापूर्वी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा पाहावा. नारिंगी किंवा लाल रंग असेल तर घरीच खिचडी करावी. विजेच्या सूचनेसाठी पुण्याच्या हवामान संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवावे. पण आलापल्ली-भामरागडकडे नेटवर्क जाते, तेव्हा आभाळ वाचता आले पाहिजे. वैनगंगेच्या वाळूत मुलांना खेळायला सोडताना एवढे लक्षात ठेवावे की वर पाऊस झाला किंवा गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की इथे ऊन असतानाही पाणी चढते. काठावर एक दगड ठेवावा आणि त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

जंगलाच्या रस्त्यात लहान मुलाला शू लागली तरी झुडपामागे बसवू नये. मूल, सावली, सिंदेवाही हा सगळा वाघ-बिबट्यांचा मुलूख आहे. पुढच्या गावापर्यंत थांबावे, नाहीतर गाडीत एक डबा ठेवावा. लाज वाटून घेऊ नये. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचे मलम न्यावे, कारण गडचिरोलीत मलेरियाचा जोर मोठा असतो. घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांत मुलाला ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्यावे. दुपारचा घाम आणि नंतरची सर यांत मूल गारठते, म्हणून प्रत्येकाचा एक कोरडा जोड आणि एक टॉवेल हाताशी असावा.

डिसेंबरात आम्ही पुन्हा निघालो. नाल्यात पाणी पायाच्या बोटांएवढे होते. म्हातारे गृहस्थ दिसले नाहीत, पण थोरलीने रपट्यावर गाडी थांबवायला लावली आणि काठावर एक दगड ठेवून आली. वनवैभवात धाकट्याने झाडाला मिठी मारली, मग बहिणीने, मग आम्ही, मग दादींनी. पाच जणांचे हात पुरून उरले. धाकटा थोडा खट्टू झाला. त्याला वाटले होते झाड आणखी मोठे असेल.

दादी त्याला म्हणाल्या, "बेटा, ते तुझी वाट बघत इथेच उभे होते ना?" झाड थांबते. पाणी थांबत नाही. कुणासाठी घाई करायची आणि कुणासाठी नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले.