कात्रणांची वही

माझ्या कात्रणांच्या वहीत सचिन आहे, स्टेफी आहे आणि त्यांच्यामध्ये खळीनं चिकटवलेल्या दीडच ओळी: सिडनी ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीच्या फॉइल प्रकारात इटलीच्या व्हॅलेंटिना वेझालीला सुवर्ण. साल २०००. तलवारबाजी मला शिवचरित्रातल्या चित्रांपलीकडे ठाऊक नव्हती. पण कंसात तिचं जन्मसाल छापलं होतं, १९७४. माझंच! तेवढ्यावर कात्री चालवली.

मग हळूहळू कळत गेलं. तिचं गाव येझी, इटलीच्या मार्के प्रांतातलं. तिथला एत्सिओ त्रिकोली दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश छावणीत कैदी होता. तलवार धरायला तो तिथंच शिकला, आणि घरी परतल्यावर त्यानं गावातल्या पोरांना शिकवायला घेतलं. त्या एका शाळेतून चेरिओनी, त्रिलीनी, वेझाली, दी फ्रान्चिस्का निघाले. २००४ च्या अथेन्समधली अंतिम लढत तर वेझाली आणि त्रिलीनी या एकाच गावच्या दोघींत झाली. वेझाली जिंकली. आमच्या पेपरात पुन्हा दोनच ओळी.

२००५ मध्ये मला मुलगी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये वेझालीला मुलगा झाला, आणि ऑक्टोबरात ती लाइपझिगला जगज्जेती! बाळंतपणानंतर त्या वेळी मी कंबर धरूनच पाटावरून उठत होते. ते कात्रण मी चिडूनच चिकटवलं. अजून तिरकं आहे.

२००८ ला बीजिंगमध्ये कोरियाच्या नाम ह्यून-हीला तिनं ६-५ नं हरवलं. फॉइलमध्ये सलग तीन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णं तिच्याआधी कुणाला जमली नव्हती. तरी माझ्या लेखी मोठं पदक लंडनचं, आणि ते कांस्य. २०१२ ला इटलीचा ध्वज तिच्या हाती होता, वय अडतीस. उपांत्य लढतीत ती आपल्याच देशाच्या एरिगोकडून हरली. कांस्यासाठी समोर पुन्हा नाम. ८-१२ नं मागे, आणि घड्याळात थोडेच सेकंद. ती एकेक वार करत बरोबरीला आली आणि जादा वेळेत जिंकली. एव्हाना घरात इंटरनेट होतं. ती लढत मी किती वेळा पाहिली असेल! जाळीआड चेहरा दिसत नाही, पण वार लागून दिवा पेटला की तिची आरोळी ऐकू येते.

पुढे ती खासदार झाली, २०२१ मध्ये क्रीडा खात्यात आपल्याकडच्या राज्यमंत्र्यासारख्या पदावर गेली. ही कात्रणं मी लावली खरी, पण कर्तव्य म्हणून.

त्याच वर्षी टोकियोला चेन्नईची भवानीदेवी उतरली, ऑलिंपिकमधली भारताची पहिली तलवारबाज. तयारी तिनं इटलीतल्या लिव्होर्नोत केलेली. पहिली लढत जिंकली, दुसरी हरली. पेपरानं या वेळी भलामोठा फोटो छापला होता. वेझालीच्या पानासमोर लावायला घेतला तर मावेना. कापवलाही नाही, मधोमध घडी घातली आणि अर्धाच चिकटवला.