तेलाची नळी

यंत्राचे आणि माझे सूत कधीच जुळले नाही. तीस वर्षे इंग्रजी काव्य शिकविण्यात घालविलेल्या माणसाचे ते जुळावे तरी कसे? माझी डिझेलची जुनी मोटार चढावर धापा टाकू लागली, तेव्हा तीही माझ्यासारखीच उतारवयाला लागली असावी, असे समजून मी तिची कीव केली. परंतु कसाऱ्याच्या घाटात एका मालमोटारीने मला मागे टाकले, आणि आरशात पाहतो तो माझ्यामागे निळसर धुराचा पडदा! तेव्हा कीव मावळली आणि काळजी उत्पन्न झाली.

कारण हेच दुखणे वर्षापूर्वी होऊन गेले होते. त्या वेळी एका झगझगीत कार्यशाळेत 'टर्बो गेला' असा निकाल मिळाला, नवा टर्बो बसला आणि माझी शिल्लक हलकी झाली. "आता मोटारच काढून टाका," असा सल्ला घरातून आला. अखेरचा उपाय म्हणून मी कोपरीतल्या एका मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी हवेचा पाईप सोडविला, आत बोट घालून टर्बोचे चाक हलवून पाहिले आणि म्हणाले, "प्ले आलाय."

"म्हणजे पुन्हा नवा टर्बो?"

"तो तर घालायचाच, सर. पण हा का गेला, ते आधी बघू. नाहीतर तिसराही जाईल."

मग त्या टर्बोची कुळकथा मला कळली. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंवर एक चाक फिरवावे, त्याच आसावरील दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, म्हणजे लहान इंजिनही मोठ्याचे काम करते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. मोटारीतला हा आस मिनिटाला 1 लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि इतक्या वेगात त्याला आधार असतो तो तेलाच्या एका पातळ थराचा. हे तेल इंजिनातूनच एका बारीक नळीने त्याच्यापर्यंत येते.

मिस्त्रींनी ती नळी सोडवून माझ्या हाती दिली. "उजेडाकडे धरा. पलीकडचं दिसतं का?"

काही दिसले नाही. आत तेल जळून त्याचा कोळसा धरला होता. नवा टर्बो बसविणाऱ्यांनी जुनी नळी तशीच ठेवली होती. मी मनातल्या मनात त्यांच्यावर तोंडसुख घेत होतो, तोच मिस्त्रींनी विचारले, "तेल कधी बदललं होतं, सर? आणि हायवेवरून आलात की लगेच किल्ली फिरवता ना?"

तेल बदलणे मी काटकसरीच्या नावाखाली दोनदा पुढे ढकलले होते. आणि इंजिन तापलेले असता ते एकदम बंद केले, की तेलाचा ओघ थांबतो आणि आत राहिलेले तेल जागच्या जागी जळते, हे मला ठाऊकच नव्हते. मी बुटांकडे पाहू लागलो.

मिस्त्रींनी चेंबर उतरवून तळाचा गाळ काढला. नळी नवी, गाळणी नवी, तेल नवे. हवेच्या मार्गात साचलेले तेल पुसले. टर्बो बसविल्यावर त्यात आधी हाताने तेल सोडले, आणि ते सर्वत्र पोहोचेपर्यंत इंजिन सुरू होऊ न देता नुसतेच फिरविले. हे सारे मी स्टुलावर बसून पाहत होतो, आणि मला भलतीच आठवण होत होती.

माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो. पहिल्या सहामाहीत त्याचे गुण घसरले, तेव्हा मी त्याचा गट बदलून दिला. दुसऱ्यांदा घसरले, तेव्हा पुन्हा बदलला. वर 'आळशी' असा शेराही मारला. तो झगझगीत कार्यशाळेतला कारागीर माझ्याहून निराळे काय करीत होता?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला खोलीत बोलाविले. गुणांचा विषय काढलाच नाही. "पहाटे किती वाजता उठतोस?" एवढेच विचारले.

तो जरा बिचकला. "साडेतीनला, सर. पेपर टाकतो. वडील घरीच असतात, मार्चपासून."

महिना ऑक्टोबरचा होता. इतके दिवस तो माझ्यासमोर बसत होता.

त्याची अडचण मी दूर केली असे म्हणवत नाही. त्याला माझ्याकडे संध्याकाळी येण्यास सांगितले आहे, आणि शेरा खोडला आहे. मोटार मात्र आता कोपरीचा पूल सहज चढते. घरी पोहोचल्यावर इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवून मी स्वस्थ बसतो. त्या मिनिटात दिवसभरात कोणाकोणाला काय विचारायचे राहिले, ते पुष्कळदा आठवते.