गाळताना

सिंगल-सेल सिक्वेन्सिंगचं, म्हणजे एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचण्याचं, नाव काढलं की लोक मशीनबद्दल विचारतात. मशीन आपलं काम चोख करतं. जीव टांगणीला लागतो तो त्याच्या आधी आणि नंतर.

तोंडाच्या कॅन्सरचा तुकडा बर्फावरून येतो. तो बारीक चिरायचा, कोलॅजिनेज या एन्झाइममध्ये ठेवून पेशी सुट्या करायच्या, जाळीतून गाळायच्या, ट्रिपॅन ब्लू घालून मायक्रोस्कोपखाली बघायच्या. मेलेल्या पेशी निळ्या होतात. जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत. घाई केली तर गुठळ्या राहतात. ३७ अंशांवर जास्त वेळ ठेवलं तर पेशींवर ताण येतो आणि फॉस, जुन ही जनुकं जागी होतात. मग स्क्रीनवर दिसतंय ते गाठीचं की माझ्या हातांचं, हे ओळखावं लागतं.

पुढे प्रत्येक पेशी तेलातल्या एकेका थेंबात बंद होते आणि तिच्या आरएनएवर तिचा बारकोड चढतो. एवढा खटाटोप कशासाठी? अख्खा तुकडा एकत्र वाचला की हाती सरासरी येते, आणि सरासरीत मोजक्या पेशी बुडून जातात. २०१७ साली डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांच्या सुमारे ६,००० पेशी एकेक करून वाचल्या गेल्या. गाठीच्या कडेला काही पेशी अर्धवट रूप पालटलेल्या सापडल्या आणि त्यांचं नातं मानेतल्या लिम्फ गाठींत पसरणाऱ्या रोगाशी जुळलं. तंबाखूनं गाल पोखरलेले इतके रुग्ण असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट नुसती वाचून सोडण्यासारखी नाही.

डेटा आला की पुन्हा गाळणं. एका थेंबात दोन पेशी अडकल्या असतील तर त्या काढायच्या. मायटोकॉन्ड्रियाचा आरएनए फार दिसला तर पेशी मरणपंथाला लागलेली समजायची. पण फार म्हणजे किती? सगळ्यांना १० टक्क्यांची एकच पट्टी लावली की आलेख देखणा होतो. मात्र कॅन्सरच्या काही धडधाकट पेशींतही हे प्रमाण मुळातच जास्त असतं. त्याही कचऱ्यात जातात. औषधाला दाद न देणारी पेशी त्यांतच असली तर?

म्हणून मी पट्टी प्रत्येक नमुना बघून ठरवते आणि वगळलेल्या पेशी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून त्यांवर पुन्हा नजर टाकते. आज हे काम बहुतांशी संशोधनापुरतं आहे. उद्या यावरून औषध ठरू लागलं, तर पट्टी कुठे लावली आणि किती पेशी वगळल्या, हेही रिपोर्टवर छापायला हवं.