ब्लीकर स्ट्रीटवरील कपकेक : घ्यावा की न घ्यावा?

परदेशी जाऊन आलेल्या मनुष्यास स्वगृही दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, "तेथे पाहिलेत काय?" आणि दुसरा, "तेथे खाल्लेत काय?" पहिल्याची उत्तरे प्रवासवर्णने लिहिणारांनी भरपूर देऊन ठेविली आहेत, दुसरा प्रश्न मात्र बहुधा स्वयंपाकघरापर्यंतच पोचतो, छापखान्यापर्यंत येत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले, सुना व नातवंडे सांप्रत अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून येण्याचा योग पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींस येतो. अशा मंडळींना न्यूयॉर्क शहरात कोणी ना कोणी कपकेकच्या नामांकित दुकानापुढे नेऊन उभे करणारच. एका लहानशा केकला चार-पाच डॉलर, म्हणजे आपले चारशे रुपयांच्या आसपास, मोजावे की न मोजावे, याचा निर्णय त्यांना तेथे उभ्या उभ्या करावा लागतो. तो निर्णय सुकर व्हावा एवढ्याचसाठी हा लेख.

आमचे चिरंजीव न्यूजर्सी प्रांतातील जर्सी सिटी येथे असतात. तेथून न्यूयॉर्कला जाण्यास 'पाथ' नावाची आगगाडी आहे. जर्नल स्क्वेअर स्थानकावर गाडीत बसावे आणि ख्रिस्तोफर स्ट्रीटवर उतरावे. मध्ये हडसन नदी आपल्या डोक्यावरून केव्हा गेली, हे कळतही नाही. नदीच्या तळाखालून जाणारा हा बोगदा १९०८ साली वाहतुकीस खुला झाला.

ख्रिस्तोफर स्ट्रीटच्या पायऱ्या चढून वर आले की आपण ग्रेनिच व्हिलेज या जुन्या भागात येतो. न्यूयॉर्कच्या बहुतेक भागातील रस्ते बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे सरळ व अनुक्रमांकांचे आहेत. ती आखणी १८११ सालची. ही वस्ती त्याआधीची असल्यामुळे तिने नव्या आखणीस दाद दिली नाही. येथे चौथा रस्ता वाकडा होऊन दहाव्या, अकराव्या व बाराव्या रस्त्यास छेदून जातो! चाळीस वर्षे मुलांना अंकगणित शिकविलेल्या माणसास हे पाहून क्षणभर भोवळ यावी. परंतु दुतर्फा विटांची बुटकी घरे, दारापुढच्या दगडी पायऱ्या व वृक्षांची सावली पाहिली म्हणजे गणिताचा विसर पडतो. या भागातून ब्लीकर स्ट्रीटने वायव्येकडे दहा मिनिटे चालत गेले, की अकराव्या पश्चिम रस्त्याच्या कोपऱ्यावर 'मॅग्नोलिया बेकरी' लागते. समोरच मुलांचे क्रीडांगण आहे.

दुकान पाहून प्रथम आश्चर्य वाटते ते त्याच्या लहानपणाचे. आपल्याकडील एखाद्या सुखवस्तू घराच्या ओटीएवढी जागा. काचेमागे गुलाबी, फिकट हिरव्या, पिवळ्या व निळसर रंगांच्या लोण्याचे तुरे मिरविणारे केक ओळीने मांडलेले. १९९६ साली ॲलिसा टोरी व जेनिफर ॲपल या दोघी मैत्रिणींनी हे दुकान काढले, ते मोठे केक विकण्यासाठी. मोठ्या केकचे मिश्रण उरले तर ते वाया जाऊ नये म्हणून त्याचे लहान केक भाजण्यात येऊ लागले, असे सांगतात. आपल्या घरी पुरणपोळ्या संपून पुरण उरले, की मुलांसाठी त्याची दिंडे व्हावीत, तसाच हा प्रकार. पुढे २००० साली 'सेक्स अँड द सिटी' या दूरचित्रवाणी-मालिकेतील दोन नायिका या दुकानाबाहेर बसून कपकेक खाताना दाखविल्या गेल्या. ते दृश्य क्षणभराचेच. पण त्यानंतर दारापुढे रांगा लागल्या आणि प्रवाशांच्या गाड्या ते दुकान दाखविण्यासाठी येऊ लागल्या. उरल्यासुरल्या पिठाचे लेकरू घरच्या थोरल्यापेक्षा मोठे झाले.

आता या पदार्थाचे कुलगोत्र पाहू. कपकेक ही काही या शतकातील युक्ती नव्हे. अमेलिया सिमन्स या बाईंचे 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक १७९६ साली निघाले. त्यात लहान कपांत भाजावयाच्या हलक्या केकची कृती आहे. 'कप केक' हे नाव एलिझा लेस्ली यांच्या १८२८ सालच्या पुस्तकात आढळते. या नावाचे दोन विग्रह होतात : कपात भाजलेला तो कपकेक, आणि कपाने मापलेला तोही कपकेक. हा दुसरा अर्थ आपल्या गृहिणींस फार जवळचा वाटेल. तराजू व वजने घेऊन बसण्यापेक्षा कपाने मापणे सोयीचे, म्हणून तिकडील स्त्रियांनी एक सोपे प्रमाण पाठ करून ठेविले : एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा व चार अंडी. आपल्या आजीबाई "वाटीला वाटी" म्हणून शिऱ्याचे व लाडवांचे प्रमाण सांगत, त्याच जातीची ही विद्या. मनुष्याच्या हातातील वाटी सर्व देशांत सारखीच हे पाहून आम्हांस समाधान वाटले.

मौज अशी की, मॅग्नोलियाचे जे पाकपुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले, त्यातील साध्या व्हॅनिला कपकेकचे प्रमाण पाहिले तर ते याच जुन्या प्रमाणाच्या अगदी जवळचे आहे : एक कप लोणी, दोन कप साखर, पावणेतीन कप मैदा, चार अंडी, आणि जोडीला एक कप दूध. त्यात चोवीस कपकेक होतात. म्हणजे आत जे काही आहे, त्यात गुपित असे काही नाही. जे निराळेपण आहे ते वरच्या तुऱ्यात. त्या तुऱ्याचे प्रमाण त्याच पुस्तकात दिले आहे : एक कप लोण्यास सहा ते आठ कप पिठीसाखर! पिठीसाखर दाण्याच्या साखरेहून हलकी, हे मान्य करूनही चोवीस केकांच्या आत जेवढी साखर असते, तिच्या जवळजवळ दुप्पट वजनाची साखर त्यांच्या डोक्यावर बसते. इंग्रजीतील 'शुगर' हा शब्द आपल्या 'शर्करा' शब्दापासून आणि 'कँडी' हा 'खंड' शब्दापासून फिरत फिरत तिकडे पोचला, हे संस्कृताच्या विद्यार्थ्यास ठाऊकच आहे. शब्द आपण दिला. तो इतक्या सढळ हाताने वापरला जाईल, अशी मात्र आपल्या पूर्वजांची कल्पना नसावी.

यावरून दामाचा विचार करता येतो. मैदा, साखर, लोणी यांची किंमत चार-पाच डॉलरांच्या मानाने अल्पच आहे. उरलेले पैसे जातात ते कोपऱ्यावरच्या जागेच्या भाड्यात, तुरा वळविणाऱ्या माणसाच्या वेतनात, सुंदर पेटीत, आणि त्या दुकानाबाहेर उभे राहण्याच्या हौसेत. यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. पंढरपुरास जाऊन आणलेल्या चुरमुऱ्यांस वाण्याकडील चुरमुऱ्यांहून अधिक मोल असते, ते काही चुरमुऱ्यांचे नव्हे. परंतु आपण कशाचे पैसे देत आहो, एवढे घेणाऱ्यास ठाऊक असावे.

हौसेवर उभारलेला व्यापार किती टिकतो, याचेही उदाहरण याच शहरात घडले. २००३ साली न्यूयॉर्कमध्ये 'क्रम्ब्स' या नावाचे कपकेकचे दुकान निघाले. मोठाले कपकेक, वर नाना प्रकारची सजावट. पाहता पाहता शाखांमागून शाखा निघाल्या आणि २०११ साली या मंडळीचे भाग नॅसडॅक शेअरबाजारात विकले जाऊ लागले. तीनच वर्षांत, जुलै २०१४ मध्ये, मंडळीने आपली सर्व दुकाने एकदम बंद केली. पुढे नव्या मालकांनी काही पुन्हा उघडली. पण गेलेला बहर परत आला नाही. मधल्या काळात, २०१२ साली, कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स येथे 'स्प्रिंकल्स' या दुकानाने पैसे काढण्याच्या यंत्रासारखे अहोरात्र कपकेक देणारे यंत्र भिंतीत बसविले होते. आणि २०१३ साली न्यूयॉर्कमध्येच डॉमिनिक आन्सेल या फ्रेंच हलवायाने 'क्रोनट' नावाचा पदार्थ काढताच रांगा उठून त्याच्या दारापुढे गेल्या. रोज सकाळी भूक लागते म्हणून माणसे पाव घेतात. कपकेक ती कौतुकाने घेतात. कौतुक हे भुकेसारखे रोज उगवत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात आतापर्यंत एक शंका घोळत असेल, ती अंड्याची. आम्ही स्वतः अंडे खात नाही. घरातील तरुण मंडळी खातात; त्यांस आम्ही मनाई केली नाही आणि त्यांनी आम्हांस आग्रह केला नाही. तेव्हा मॅग्नोलियाच्या कपकेकच्या चवीविषयी आम्ही चिरंजीव व सूनबाई यांची साक्ष देतो : केक ताजा व मऊ, व्हॅनिलाचा वास शुद्ध, लोणी खरे; पण तुरा अर्धा बाजूला काढावा लागतो इतका गोड. त्यापेक्षा तेथील केळ्यांचे पुडिंग अधिक सरस, असे दोघांचेही मत पडले. त्याचे वर्णन ऐकून ती आपल्या शिकरणाची श्रीमंत बहीण असावी, असे आम्हांस वाटले.

आमचा सात वर्षांचा नातू आपला कपकेक घेऊन समोरच्या क्रीडांगणातील बाकावर आमच्याजवळ येऊन बसला आणि त्याने त्याचे दोन भाग केले. "आजोबा, हा तुमचा." आम्ही म्हणालो, "बाळ, यात अंडे असते." त्याने थोडा विचार केला, बोटाने वरचे लोणी निपटून आमच्यापुढे धरले आणि म्हणाला, "वरच्यात नाही. आईने सांगितलंय." मुलाचे म्हणणे खरे होते, त्या तुऱ्यात अंडे नसते. तथापि जे एकमेकांस लागलेले, ते आम्हांस वेगळे मानता येईना. आम्ही घेतले नाही. तो काही बोलला नाही. दोन्ही भाग त्याने खाल्ले, पण पहिल्या घासाचा आनंद दुसऱ्यात दिसला नाही. आम्ही नियम पाळला, याचे आम्हांस दुःख नाही. परंतु वस्तूची किंमत दुकानातील पाटीवर पुरती लिहिलेली नसते, हे त्या बाकावर जितके स्पष्ट दिसले, तितके कोणत्याही हिशेबात दिसले नसते.

पुढच्या रविवारी सूनबाईंनी आम्हां सर्वांस शहराच्या दुसऱ्या टोकास, लोअर ईस्ट साइड भागातील ब्रूम स्ट्रीटवर नेले. तेथे एरिन मॅकेना या बाईंनी २००५ साली 'बेबीकेक्स' नावाचे दुकान काढले, त्यास पुढे त्यांचेच नाव मिळाले. या दुकानाचे व्रत असे की अंडे नाही, दूध-लोणी नाही आणि गहूही नाही. लोण्याऐवजी खोबऱ्याचे तेल वापरतात, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींना प्रथम डोक्याला लावावयाच्या बाटलीची आठवण झाली. पण कोकणातल्या माणसास खोबऱ्याचे वावडे कसले? कपकेक अंमळ दाट, गोडी बेताची. मॅग्नोलियाच्या केकशी तुलना करणे आम्हांस शक्य नाही. पण नातवाने एका केकचे चार भाग केले, पहिला आजीस, दुसरा आम्हांस दिला, आणि आम्ही खातो की नाही हे तो टक लावून पाहत राहिला. दोघांनीही खाल्ल्यावर त्याने आपला तुकडा तोंडात टाकला. त्या केकास लागलेले डॉलर आम्ही वसूल झालेले समजतो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. कपकेक घ्यावयाचा तर जेथे मागल्या बाजूस भट्टी आहे, तेथेच व शक्यतो सकाळच्या वेळी घ्यावा, आणि त्याच दिवशी खावा. शहराच्या मध्यभागातील एका दुकानातून आम्ही सहांची एक पेटी घरी आणविली होती. ती शीतकपाटात ठेविल्याने दुसऱ्या दिवशी केक दगडासारखे झाले, कारण थंडीने आतील लोणी गोठते आणि मैदाही लवकर शिळा होतो. म्हणून पेटीच्या मोहात पडू नये, एक-दोनच घ्यावेत. घरात अंडे न खाणारे कोणी असेल, तर आधी चौकशी करून बिनअंड्याचे दुकान गाठावे. आणि ज्यांच्या घरी भट्टी आहे, त्यांनी वाटीने मापून, अंड्याऐवजी दही व चिमूटभर सोडा घालून, हे केक घरीच करून पाहावेत. सूनबाईंचे दुसऱ्या खेपेस उत्तम उतरले; तुऱ्याची साखर त्यांनी निम्म्याने कमी केली, तरी मुलांनी तक्रार केली नाही.

सारांश, न्यूयॉर्कला गेलेल्या मनुष्याने हा कपकेक एकदा अवश्य घ्यावा, वारंवार घेऊ नये. कपकेक हा मुळातच एका माणसापुरता बेतलेला पदार्थ आहे. मोठा केक कापावा लागतो, म्हणून तो आपोआप वाटला जातो, आणि कपकेकला सुरी लागत नाही. ज्या घरात पंगतीस बसल्यावर शेवटच्या पानापर्यंत पक्वान्न पोचले की नाही हे पाहण्याची चाल आहे, त्या घराने तेथेही सुरी बरोबर न्यावी, एवढीच आमची सूचना आहे.