एकादशीचा हिशेब

शाळेची नोकरी संपली, तशी रोजची चार मैलांची पायपीटही संपली; भूक मात्र तेवढीच राहिली. वजन वाढलें, रक्तांत साखर दिसूं लागली. "महिन्याच्या दोन्ही एकादशा मी निष्ठेनें करतों," असें मीं डॉक्टरांस अभिमानानें सांगितलें.

घरीं नातीनें वही उघडली. साबुदाणा १०० ग्रॅम, सुमारें ३५० कॅलरी. शेंगदाणे ५० ग्रॅम, २८०. तूप १० ग्रॅम, ९०. माझी खिचडीची बशी ७२० कॅलरींची! 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मीं जन्मभर शिकविली. तिचा अर्थ साठीनंतर कळला.

उपवास म्हणजे देवासमीप वास, खिचडीसमीप नव्हे. परवांच्या एकादशीस एक फळ व पेलाभर ताक घेतलें. द्वादशीस पानावर बसलों, तरी 'तूप नको' हें सौ.स सांगवेना, चाळीस वर्षें तिनें माया तुपाच्या धारेनेंच वाढली. तिनेंच धार आवरती घेतली. माझ्याकडे पाहिलें मात्र नाहीं.