मेरापीच्या पायथ्याशी राहणाऱ्या भाचीस

चि. बाळ,


तुझं पत्र पोचलं. योग्यकार्तातल्या तुझ्या गच्चीवरून मेरापी ज्वालामुखी स्वच्छ दिसतो, त्याच्या डोक्यावर धुराची रेघ असते, आणि घरमालकीणबाई त्याला आजोबा म्हणतात, हे वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी तू लिहिलंस, ‘आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच ना मामा? मग मी कशाला घाबरू?’ ते वाचलं आणि लगेच कागद पुढे ओढला.

सह्याद्री आगीतून आला हे खरंच. पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे मेरापीसारखा डोंगर धडाडला नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहत राहिला. एक थर निवायचा, त्यावर दुसरा चढायचा. आज झिजून उरलेलं हे पठारसुद्धा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचं आहे. घाटात रस्त्यासाठी फोडलेला कडा आठव. खाली घट्ट काळा पाषाण (बेसॉल्ट), वर गेलं की वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार झालेला खडक, त्या भोकांत पांढरे स्फटिक, काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा, आणि त्यावर पुन्हा काळा पाषाण. आपले किल्ल्यांचे डोंगर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखींची तोंडं, असं पुष्कळजण समजतात. ते तसं नाही. हे थर पावसापाण्याने कोरले गेले आणि जे टिकलं त्यावर गड बांधले गेले.

तो लाव्हा आला कुठून? पृथ्वीच्या कवचाखालचा तापलेला खडक एरवी घनच असतो, कारण वरचा प्रचंड दाब त्याला वितळू देत नाही. तो हळूहळू वर सरकला की दाब उतरतो आणि तो वितळू लागतो. आइसलँडमध्ये दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, तिथे हेच घडतं. हवाईत भूपट्टाच्या ऐन मध्यावर खालून उष्ण खडकाचा स्तंभ वर येतो. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते आपलं दख्खन अशाच एका स्तंभावरून सरकत उत्तरेला आलं. तो स्तंभ आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही वरचेवर वाहतो.

तू राहतेस त्या जावा बेटाची गोष्ट निराळी. तुझ्या दक्षिणेला समुद्राचा तळ वर्षाला सहा-सात सेंटिमीटर या गतीने बेटाखाली शिरतो आहे. त्या तळाच्या खनिजांत समुद्राचं पाणी अडकलेलं असतं. सुमारे शंभर किलोमीटर खोल गेल्यावर ते पाणी बाहेर पडून वरच्या तप्त खडकात मुरतं, आणि पाणी मुरलेला खडक कमी तापमानाला वितळतो. मेरापीच्या शिलारसात हे पाणी जन्मापासून विरघळलेलं असतं. वर येताना तो वाटेत थांबतो, थोडा निवतो, त्यातले काही स्फटिक वेगळे होतात, आणि उरलेल्या रसात सिलिकाचं प्रमाण वाढतं. सिलिका वाढली की रस चिकट होतो.

इथेच सगळं ठरतं. आजीचं पिठलं आठव. पातळ असेल तर बुडबुडे गुपचूप फुटतात, घट्ट झालं की तेच रटरटून हातावर उडतं. बेसॉल्टच्या पातळ रसातून वायू सहज सुटतो, म्हणून हवाईच्या किलाउएआचा लाव्हा बहुतेक वेळा नुसता वाहतो. चिकट रसात वाफ कोंडते आणि वर येताच एकदम फुगते. मेरापीचा लाव्हा तर फारसा वाहतही नाही, शिखरावरच ढिगासारखा साचतो. त्याचा घुमट ढासळला की शेकडो अंश तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोट उतारावरून वाहनाच्या वेगाने खाली येतो. त्याच्यापुढे धावून कोणी वाचत नाही.

बोरोबुदुरच्या मंदिरात जाशील तेव्हा अशाच रसापासून झालेल्या भिंतीच्या दगडाजवळ डोळा ने. करड्या रंगात तांदळाच्या कणीएवढे पांढरट ठिपके दिसतील. शिलारस खोल जागी साठून होता तेव्हा सावकाश वाढलेले ते स्फटिक आहेत. शिवाय सांबिसारीचं शिवमंदिरही पाहा. नवव्या शतकातलं हे देऊळ ज्वालामुखीच्या राखेखाली सुमारे साडेसहा मीटर गाडलं गेलं होतं. १९६६ मध्ये एका शेतकऱ्याची कुदळ त्याला लागली. तुझ्या भोवतीची हिरवीगार भातशेतीही याच राखेवर पिकते. लोक तिथून उठून का जात नाहीत, याचं उत्तर त्या मातीत आहे.

आता २०१० चं ऐक. २५ ऑक्टोबरला शास्त्रज्ञांनी सर्वांत वरचा इशारा दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोंगर उसळला. योग्यकार्ताच्या सुलतानांनी नेमलेले मेरापीचे राखणदार म्बाह मारिजान आपलं गाव सोडायला तयार झाले नाहीत, ते तिथेच गेले. त्यांच्या निष्ठेविषयी मला मनापासून आदर आहे, पण त्यांच्या भरवशावर थांबलेली माणसंही गेली, याचं दुःख त्याहून मोठं आहे. ५ नोव्हेंबरला आणखी मोठा उद्रेक झाला आणि गेंडोल नदीच्या पात्रातून लोट सुमारे पंधरा किलोमीटर खाली पोचला. एकूण साडेतीनशेहून अधिक माणसं दगावली. तीन-साडेतीन लाख लोक वेळेवर हलवले गेले, म्हणून आकडा तेवढ्यावर थांबला. भूकंपमापकांवर नजर ठेवून बसलेल्या माणसांचे हे उपकार आहेत.

तू तिथून परत ये असं मी म्हणत नाही. शहर शिखरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, बिनधास्त राहा, शिक. पण तिथल्या इशाऱ्याच्या चार पायऱ्या पाठ कर: नॉर्माल, वास्पादा, सियागा, आवास. आज कोणती लागू आहे ते डोंगराकडे फिरायला निघण्याआधी दरवेळी बघ. शिखरावर जोराचा पाऊस झाला की नदीच्या पात्रात उतरू नकोस, कारण उद्रेकानंतर कित्येक महिने राखेचा चिखल पुरासारखा येतो. चांगला मास्क घरात ठेव. आणि निघा असं सांगितलं, तर घरमालकीणबाईंनाही हाताला धरून घेऊन निघ.

तुझा,
मामा