तिथीची पाऊणपट

गणिताचे आणि माझे कधी जमले नाही. मॅट्रिकला ते कसेबसे सुटले, पण एकूण मार्कांनी दगा दिला. मुंबईच्या मोठ्या कॉलेजांची नावे अण्णांपुढे काढायची सोयच उरली नाही. १९६५ च्या जूनमध्ये त्यांनी माझी ट्रंक भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचमध्ये चढवली आणि म्हणाले, "आत्याकडे राहा, अलिबागच्या कॉलेजात जा आणि निदान पास हो!"

गिरगावातल्या मुलाला ही काळ्या पाण्याची शिक्षाच वाटली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या वेधशाळेचे भूचुंबकीय मापनाचे काम १९०४ साली अलिबागला आणले होते. मुंबईचा त्रास नको म्हणून ती वेधशाळा इकडे आली. मुंबईला माझा त्रास नको म्हणून मी आलो, एवढाच काय तो फरक!

जनता शिक्षण मंडळाचे ते कॉलेज १९६१ साली निघालेले, म्हणजे अवघ्या चार वर्षांचे. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. १९८१ साली ते रायगड झाले. वर्गात माझ्या शेजारी खारेपाटातला एक मुलगा बसे. पावसाळ्यात बांधावरून चालत यायचा. वहाणा हातात, पुस्तके डोक्यावर, पोटऱ्यांपर्यंत चिखल. पहिला आठवडाभर मी बाक सोडून जरा लांबच सरकून बसलो, हे आज लिहितानाही बरे वाटत नाही.

गणिताशी माझी दिलजमाई त्यानेच करून दिली. एका संकष्टीला कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला जायचे ठरले. भरतीला हा किल्ला पाण्याने वेढला जातो, ओहोटीला चालत जाता येते. मी घड्याळ बघू लागलो, तर तो हसला. "घड्याळ काय बघतोस? तिथी बघ! तिथीची पाऊणपट कर. चौथ, म्हणजे तीन वाजता भरती. त्याआधी सहा तास, नऊला ओहोटी. आठला निघायचं, दहाच्या आत परत." अगदी तस्सेच झाले! किनाऱ्यावर परतल्यावर मागे पाहिले, तर आमच्या पावलांवरून पाणी चढत होते.

हाच हिशेब पुढे इंटरच्या वर्षी त्याच्यावर उलटला. श्रावणातली पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ऐन रात्रीचे उधाण. बांधाला खांड गेली आणि खारे पाणी उभ्या भातात शिरले. खबर येताच आमचे सर आणि आम्ही दहाबारा मुले निघालो. दोन दिवस चिखलाची ढेकळे हातोहाती देत होतो. माझ्या तळहातांना फोड आले, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आज्याने खोबरेल लावले. चरीच्या संपात, १९३३ ते १९३९, हा आजा इतर कुळांबरोबर उभा राहिला होता. ज्या जमिनीसाठी सहा वर्षे पेरणी सोडली, तीच समोर पाण्याखाली होती. पण म्हाताऱ्याने तोंडातून ब्र काढला नाही.

खार चढलेली जमीन एका पावसात धुऊन निघत नाही. सहामाहीच्या आधी सोबती आत्याच्या ओट्यावर आला. हातात फडक्यात गुंडाळलेले लायब्ररीचे पुस्तक. भिजलेले, उन्हात वाळवून फुगलेले. "एवढं परत कर. दंड किती होतो सांग, भात विकलं की देईन. मी आता येत नाही."

मी फी भरतो म्हणालो. तो म्हणाला, "फीचं काय रे, बांधावर माणूस कोण देशील?"

दंड मी भरला. त्याला कधी सांगितले नाही, आणि त्यानेही विचारणे सोडले नाही. शेवटी चार वर्षांनी मनीऑर्डरने पैसे आले, तेव्हा मी बी. ए. होऊन मुंबईत खुर्चीवर बसलो होतो.

मला जे कॉलेज शिक्षा म्हणून मिळाले, ते त्याच्या घरातून चालत जाता येईल असे एकमेव दार होते. माझ्यासाठी ते उघडे राहिले, कारण माझ्या बापाच्या बांधाला समुद्र लागलेला नव्हता. माझी हुशारी ती एवढीच!

मागल्या दिवाळीत त्याच्याकडे गेलो होतो. त्याची नात आता त्याच कॉलेजात शिकते. मी मोठ्या तोऱ्यात विचारले, "काय गं, अष्टमीला भरती कितीला?"

"सहाला, आजोबा," ती मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "पण आमचा पहिला तास साडेसातला असतो!"

म्हातारा माझ्याकडे बघून खुदकन हसला.